बळी तो कान पिळी... आणि एक मास्तर

हल्ली एक वाक्य फार ऐकू येते. कट्ट्यावर ऐकतो, टीव्हीवरच्या चर्चेत ऐकतो, शिकलेसवरलेले भाचे-पुतणेही ऐकवतात. "नियमबियम सगळे झूट. ज्याच्या हाती ससा तो पारधी! जागतिक व्यापार संघटना मेली तर मरू दे, आपण आता मोठे झालोय, समोरासमोर बसून सौदा करू." आणि हे बोलताना चेहऱ्यावर असा काही आनंद असतो की जणू घरात कार्य आहे.

या मंडळींना मला एका कायद्याच्या मास्तरची गोष्ट सांगायची आहे. नाव जॉन जॅक्सन. जन्म 1932, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा. 1966 पासून मिशिगन विद्यापीठात आणि 1998 पासून जॉर्जटाउनला त्यांनी शिकवले. 2015 च्या नोव्हेंबरात गेले. आपल्याकडच्या किती वर्तमानपत्रांनी दखल घेतली असेल कोण जाणे! मास्तर गेला तर बातमी कसली?

या माणसाने काय केले? तर कुणी वाचत नव्हते ते वाचले. दुसऱ्या महायुद्धानंतर जगाच्या व्यापारासाठी एक संघटना उभी राहायची होती. 1948 मध्ये हवाना इथे तिची सनदही झाली. पण अमेरिकेच्या काँग्रेसने तिला मान्यता दिली नाही आणि मागे उरला तो 'गॅट' नावाचा तात्पुरता करार. तात्पुरता म्हणजे किती? तब्बल 47 वर्षे! त्याच्या कलमांचे, दुरुस्त्यांचे, अपवादांचे जंगल नेमके कुठून कुठे जाते हे फार थोड्यांना ठाऊक होते. जॅक्सनसाहेबांनी ते सगळे पिंजून काढून 1969 मध्ये नऊशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला. पुढे 1973-74 मध्ये अमेरिकी सरकारच्या व्यापार कचेरीत मुख्य कायदा सल्लागार म्हणून काम केले आणि पुन्हा वर्गात येऊन उभे राहिले.

त्यांचे मुख्य सांगणे शाळेतल्या पोरालाही कळेल असे आहे. दोन देशांचे भांडण दोनच रीतींनी मिटते. एक, कुणाच्या मनगटात किती जोर आहे ते पाहून. दुसरी, दोघांनी आधी मान्य केलेला नियम पाहून. गॅटमध्ये गंमत अशी होती की निवाडा लागू व्हायला सर्वांची संमती लागे, म्हणजे हरलेल्याचीसुद्धा! बाद झालेल्या गड्याला विचारायचे, "बाबा रे, तू बाद का?" 1990 मध्ये जॅक्सन यांनी छोटे पुस्तक लिहून एक नीट घडणीची जागतिक व्यापार संघटना असावी असे सुचवले. त्याच वर्षी कॅनडाने तसा प्रस्ताव मांडला, आणि 1 जानेवारी 1995 ला ती संघटना उभी राहिली. आता हरलेल्याचा नकार चालेना. वर अपिलाला सात जणांचे मंडळ.

पुढे काय झाले पाहा. पहिल्याच अपिलात, 1996 साली, पेट्रोलच्या प्रकरणात व्हेनेझुएला आणि ब्राझील यांच्यासमोर अमेरिका हरली आणि तिने आपला नियम बदलला. 1997 मध्ये लोकरी शर्ट-ब्लाउजच्या प्रकरणात भारताने अमेरिकेला हरवले. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील 2002 मध्ये गेला, 2005 मध्ये जिंकला आणि 2014 च्या तडजोडीत त्याने 30 कोटी डॉलर पदरात पाडून घेतले. त्या अनुदानाने जगभर कापसाचे भाव दबतात हे विदर्भातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. नुसत्या मनगटावर हे जमले असते?

आता कुणी म्हणेल, मास्तर, नियम तरी कुणी लिहिले? श्रीमंतांनीच ना? कबूल. शेती अनुदानाची कलमे आणि पेटंटची कलमे वाचली की ते उघड दिसते. चिमुकल्या अँटिग्वाने अमेरिकेविरुद्धचा दावा जिंकला आणि तरी अमेरिका वाकली नाही, हेही खरे. डंकेल मसुद्याच्या वेळी आपल्याकडे शरद जोशींची शेतकरी संघटना बाजूने आणि कर्नाटकात नंजुंडस्वामींची रयत संघटना विरोधात होती. दोघांकडे मुद्दे होते. पण दोघेही कलमांवर भांडत होते. वाईट नियम बदलून घेता येतो; 2001 मध्ये दोहा इथे गरीब देशांनी औषधांच्या पेटंटबाबत सवलतीची घोषणा मिळवलीच. नियमच नसेल तर भांडायचे कशाशी?

हे मंडळ मारले कुणी? जॅक्सन यांच्याच देशाने. 2017 पासून अमेरिकेने नव्या नेमणुका अडवल्या. तिथे सरकारे बदलली, अडवणूक बदलली नाही. सुनावणीला तीन जण लागतात. डिसेंबर 2019 मध्ये एकच उरला, पुढच्या नोव्हेंबरात तोही गेला.

आणि आपण? इथे मला खरा राग येतो. आपल्या उसाच्या आणि साखरेच्या अनुदानाविरुद्ध ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांनी दावा लावला. डिसेंबर 2021 मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला. आपण काय केले? जे मंडळ अस्तित्वातच नाही त्याच्याकडे अपील! म्हणजे निकाल कायमचा लटकला. इकडे कारखानदार खूश, पुढारी खूश. काही देशांनी 2020 मध्ये हंगामी अपील व्यवस्था उभी केली, तिच्यात आपण गेलो नाही. मग ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या बऱ्याच मालावर 50 टक्के जकात बसवली तेव्हा मात्र "हा अन्याय आहे" म्हणून आपण ओरडलो. अन्याय होताच! पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे किती दिवस चालणार? त्याच वर्षी मे महिन्यात पोलाद आणि ॲल्युमिनियमच्या जकातीबद्दल आपणच जिनिव्हाला नियमावर बोट ठेवून लेखी कळवले होते. पाठीत रट्टा बसला की नियमाचे पुस्तक आठवते.

सौदा करू म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो. समोरचा आपल्यापेक्षा कितीतरी पट श्रीमंत असताना सौद्यात काय देणार? कोळंबी पिकवणाऱ्याचे पोट, कपडे शिवणाऱ्या बाईची मजुरी, की कापूसवाल्याचा भाव? कारण शेवटी देतात ते हेच लोक. सौदा करणाऱ्यांच्या खिशाला चाट बसत नाही.

म्हणून माझे म्हणणे असे, की आपण त्या हंगामी व्यवस्थेत जावे, साखरेचा निकाल अंगावर घ्यावा आणि मग ताठ मानेने दुसऱ्याला नियम दाखवावा. आणि आपल्या विधी महाविद्यालयांतून ही रूक्ष कलमे वाचणारी चार तरी पोरे निघावीत. ती टीव्हीवर दिसणार नाहीत, त्यांचे सत्कारही होणार नाहीत. पण पुढच्या वेळी कान पिळला गेला तर कागद घेऊन उभे राहायला तीच असतील.

पटत नसेल तर खुशाल भांडा. फक्त कलमे वाचून भांडा.