ठोकळा फिरवा, बाण नको!

परवा नांदेडहून मित्राचा फोन आला. तोही माझ्यासारखाच फिजिक्स शिकवणारा. म्हणाला, "अरे, वर्डमधली आकृती काही केल्या फिरेना. शेवटी स्क्रीनशॉट मारला, चित्र म्हणून चिकटवली आणि फिरवली. एका मिनिटात काम!"

माझ्या पोटात गोळाच आला. कारण हेच काम मी लातूरला करून बसलोय.

म्हणजे झालं असं. लातूर पॅटर्न तुम्हाला माहीतच आहे. टेस्टवर टेस्ट. तेव्हा मी लातुरातल्या एका क्लासमध्ये होतो. रविवारची टेस्ट म्हटली की शनिवारी रात्री बारापर्यंत पेपर टाइप. मशीनवर वर्ड २००३. प्रश्न अगदी साधा होता: ३० अंशांच्या गुळगुळीत उतारावर ठोकळा सोडला तर त्याचं त्वरण किती?

तिरकं काढायचा कंटाळा, म्हणून मी सगळं आधी आडवं काढलं. आडवी रेघ, वर ठोकळा, वर जाणारा 'एन'चा बाण, खाली जाणारा 'एमजी'चा बाण, शेजारी अक्षरांचे टेक्स्ट बॉक्स. सगळ्याचा ग्रुप केला आणि फिरवायला गेलो तर फिरवायचं हिरवं टिंबच दिसेना! त्या वर्डमध्ये ग्रुपात टेक्स्ट बॉक्स असला की अख्खा ग्रुप अडून बसायचा. टाइप करणारा पोरगा म्हणाला, "सर, फोटो करून टाका की." केला. ३३० अंश फिरवला (वर्ड घड्याळाच्या दिशेने मोजतं, त्यामुळे उजवीकडे चढणाऱ्या उतारासाठी ३० नाही, ३३०). तिरकी झालेली अक्षरं पांढऱ्या डब्यांनी झाकली, वर सरळ अक्षरं टाकली, खाली जमीन आणि कोन काढला. आकृती काय देखणी दिसत होती म्हणून सांगू :)

सोमवारी एक मुलगी पेपर घेऊन आली. तिने उत्तर दिलं होतं शून्य, आणि मी काट मारली होती. म्हणाली, "सर, ठोकळा घसरंल कसा? बाण तर सरळ फळीतच घुसालाय."

बघितलं तर खरंच. ठोकळ्याबरोबर माझं गुरुत्वाकर्षणही ३० अंश फिरलं होतं! 'एमजी' उताराला बरोब्बर काटकोनात. तसं असेल तर उताराच्या दिशेने काही ओढच उरत नाही, आणि त्वरण शून्यच येतं. पुस्तकातलं सूत्र पाठ असणाऱ्यांनी आकृतीकडे न बघताच ४.९ वर खूण केली होती. आकृती नीट बघणारी तेवढी चुकली. तिचे मार्क मी दिले, पण तिच्यासारखी अजून किती पोरं चूप बसली असतील कोण जाणे.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. फिरत नाही म्हणून आकृतीचं चित्र करायचं नाही. फिरत नसेल तर ग्रुप सोडवा. ठोकळा फिरवा, 'एन'चा बाण फिरवा, 'एमजी' आणि अक्षरं जिथल्या तिथे. काय फिरायला पाहिजे हे वर्डला कळत नाही, ते आपल्यालाच ठरवावं लागतं. आणि आकृती सुटी असेल तरच ठरवता येतं.

आता तर सोपं आहे. वर्ड २०१० पासून टेक्स्ट बॉक्सही फिरतो. फक्त फाइल जुन्या डॉक प्रकारातली नको, डॉकएक्समध्ये सेव्ह करून घ्या. शिफ्ट दाबून फिरवलं तर १५-१५ अंशांनी सरकतं, म्हणजे ३०, ४५, ६० आपोआप जमतात. ड्रॉइंग कॅनव्हास मात्र फिरत नाही. आकृती त्यातून बाहेर काढायची.

मित्राचं म्हणणं अगदीच खोटं नाही. सुटी आकृती दुसऱ्या मशीनवर गेली की बाण एकीकडे, अक्षरं दुसरीकडे. पेपर छापायला देताना तो पोटशूळ मीही भोगलाय. पण त्यासाठी पीडीएफ आहे ना! छापायला पीडीएफ द्या, मूळ फाइल जपून ठेवा. माझी चूक कळली तेव्हा दुरुस्त करायला माझ्याकडे मूळ आकृतीच नव्हती. नवीन काढली, पण जुनी तोवर पेनड्राइव्हवरून कुठे कुठे गेली होती.

गेल्या वर्षी नांदेडला गेलो होतो. वजिराबादेत एका झेरॉक्सवाल्याकडे थांबलो असताना काउंटरवर सराव पेपरांचा गठ्ठा पडलेला दिसला. सवयीने वरचा उचलला. पहिल्याच पानावर ३० अंशांचा उतार, पांढऱ्या डब्यांच्या कडा अजून दिसत होत्या, आणि बाण तसाच फळीत घुसलेला. मी खिशातून पेन काढलं आणि त्या एका प्रतीवर बाण सरळ केला. गठ्ठ्यात अजून शंभरेक तरी असतील.