तात्पर्याचे शेपूट

मराठीत लहानग्यांसाठी निघणाऱ्या प्राण्यांच्या चित्रपुस्तकांपैकी पुष्कळशी 'विनोदी' म्हणून विकली जातात. त्यांतील प्राण्यांची आम्हांस कीव येते. ससा दात घासतो, अस्वल क्षमा मागते, माकड हट्ट सोडते आणि शेवटच्या पानावर चौकटीत तात्पर्य छापलेले असते. पुस्तक विकत घेतो पालक. त्याला पैशांच्या मोबदल्यात सुसंस्कार हवा असतो. मुलाच्या हसण्याचा हिशेब कुणीच ठेवत नाही.

चांगल्या सवयी लावू नयेत काय, असे आम्हांस विचारले जाईल. अवश्य लावाव्यात, पण त्या लागतात कशा, हेही पाहावे. मो विलेम्स यांच्या 2003 सालच्या 'डोन्ट लेट द पिजन ड्राइव्ह द बस!' या पुस्तकात कबुतराला बस चालवू देऊ नका, असे चालक वाचकालाच बजावून जातो. मग कबुतर गयावया करते, लाच देऊ पाहते, आकांडतांडव करते. ही सारी ऐकणाऱ्या बाळाचीच अस्त्रे. मात्र 'नाही' म्हणण्याचा अधिकार येथे त्याच्याकडे असतो. आपला हट्ट दुसऱ्या बाजूने कसा दिसतो, हे त्याला हसता हसता उमगते. कबुतर मात्र अखेरपर्यंत सुधारत नाही. बस हुकली, तर ते ट्रकची स्वप्ने पाहू लागते!

जेन योलेन आणि मार्क टीग यांचे 2000 सालचे डायनोसॉरच्या झोपेविषयीचे पुस्तक तर उघड उघड वळण लावणारे आहे. पण तेही आधी त्या अवाढव्य प्राण्याच्या थयथयाटाची मनसोक्त कल्पना करू देते आणि मगच त्याला शहाण्यासारखे झोपवते.

हे सारे परक्यांचे म्हणून झटकता येणार नाही. आपल्या लोककथेतली चिऊताई पावसात भिजणाऱ्या काऊला सबबींवर सबबी सांगत दाराबाहेर ताटकळत ठेवते. सद्वर्तनाच्या परीक्षेत ती खचित नापास होईल. तरीही पिढ्यान् पिढ्या मुले त्या सबबींची वाट पाहत हसली. आजचा संपादक तेथे शेजारधर्माची चौकट जोडल्यावाचून राहणार नाही.

जे मूल प्राण्याच्या वेडेपणाला हसते, त्याने तो वेडेपणा ओळखलेला असतो. त्यावर तात्पर्य चिकटवणे म्हणजे त्याच्या बुद्धीवर अविश्वास दाखवणे. म्हणून प्रकाशकांनी शेवटची चौकट काढून टाकावी आणि पालकांनी 'मग यातून काय शिकलास?' हा प्रश्न गिळावा. मूल म्हणेल, 'पुन्हा वाच.' तेवढे उत्तर पुरेसे आहे.