खेळणे कोणाच्या वयाचे?

आमच्या प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. तेथून आजोबा नातवाला खेळणे घेतात ते बहुधा स्वतःला आवडले म्हणून. दीड वर्षाच्या मुलाला बॅटरीची मोटार! मोटार पळते, मूल नुसते बघत बसते.

वास्तविक आपल्याकडे तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आहे. नुकत्याच चालू लागलेल्या मुलाला दोरी धरून काहीतरी ओढायला हवेच असते. पाच वर्षांचे मूल तोच नंदी सजवते, त्याला गोठा बांधते.

स्वस्त म्हणजे कमी प्रतीचे, असेही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा माँटेसरीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले वापरले. मात्र वय बघायलाच हवे. चिंचोके पाच वर्षांच्या मुलाला मोजायला उत्तम. तेच वर्षाच्या बाळाच्या घशात अडकले तर जिवावर बेतते. तीन वर्षांखालील मुलाला तोंडात मावेल अशी वस्तू देऊच नये.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, किंमत नंतर विचारा. आपले मूल सध्या काय करायला धडपडते आहे, ते आधी आठ दिवस बघा. मग दुकानात जा. कदाचित जावेही लागणार नाही.