घरात वाद हवा, वेगळी चूल नको

नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा सोयऱ्याधायऱ्यांच्या राजकारणासाठी प्रसिद्ध आहे. २०१९ च्या लोकसभेला सुजय विखे भाजपचे उमेदवार झाले, तेव्हा त्यांचे वडील राधाकृष्ण विखे काँग्रेसतर्फे विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. समोर राष्ट्रवादीचे संग्राम जगताप. त्यांचे सासरे शिवाजी कर्डिले भाजपचे आमदार! नेत्यांची सोयरीक पक्षापेक्षा टिकाऊ असते. मग झेंडा खांद्यावर घेणाऱ्या कार्यकर्त्याने सख्ख्या भावाशी बोलणे का टाकावे?

आज आपल्या घरातला वाद तर तिकिटाचा नाही, हक्काचा आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक मताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मुभा दिली. बौद्ध घरातला मुलगा म्हणतो, ही समाज फोडण्याची चाल आहे. त्याच घरात मातंग समाजातून आलेली सून विचारते, माझ्या माहेरच्या वाट्याला काय आले? दोघांनाही दटावून गप्प बसवले, तर फूट पाडणाऱ्यांचे काम आपणच केले.

आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्या ज्यू धर्माचे, त्या धर्मात हिलेल आणि शम्माय या आचार्यांच्या दोन परंपरा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी वाद घालत होत्या. वाद विवाहाच्या नियमांचा होता, शुद्ध-अशुद्धाचाही होता. तरी त्यांनी एकमेकांशी बेटीव्यवहार थांबवला नाही, की एकमेकांची भांडी वर्ज्य केली नाहीत. शुद्ध-अशुद्धाच्या नावाखाली पाणवठे बंद झालेल्या समाजाला याचे मोल सांगायला नको. निर्णय बहुधा हिलेलच्या बाजूने झाला. तालमूद ग्रंथ त्याचे कारण देतो: हिलेलचे शिष्य नम्र होते आणि आपल्या मताआधी विरोधकाचे मत मांडत. हरलेल्या पक्षाचे म्हणणेही त्या ग्रंथाने जपून ठेवले.

अर्थात, प्रत्येक गोष्ट मतभेद म्हणून चालवून घ्यायची नसते. सोनई (२०१३), खर्डा (२०१४) येथील हत्यांचे समर्थन हे 'मत' नव्हे. तिथे घरातल्या माणसालाही ठणकावून सांगितलेच पाहिजे.

बाकी वादात मुलाने आधी वहिनीचे म्हणणे असे मांडावे की तीच म्हणेल, 'हो, हेच मला म्हणायचे आहे.' मग खुशाल खोडावे. तिनेही तेच करावे. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. नेत्याची भक्ती उंबऱ्याबाहेर ठेवली, तर घरातला वाद चळवळीची शाळा होईल.