कोल्हापुरात उणे चाळीस

भर मे महिन्यात आंबा घाट चढताना इंजिनाचं पाणी उणे ४० अंशांवर गेलं, असं लॅपटॉप सांगतो. त्याच क्षणी आरपीएम शून्य, वेग शून्य, इंजिनावरचा भारही शून्य. प्रत्यक्षात गाडी गिअरमध्ये आहे, काटा पस्तीसवर आहे आणि मागच्या सीटवरच्या आजी ‘खिडकी उघडा रे, उकडतंय’ म्हणताहेत. अर्ध्या सेकंदात सगळे आकडे परत जागेवर येतात. गाडी गॅरेजमध्ये येते, मेकॅनिक आलेखातला तो खड्डा बोटाने दाखवतो आणि निकाल देतो: ‘मालक, सेन्सर गेलाय.’

सेन्सर बदलला जातो. बिल भरलं जातं. पुढच्या रविवारी घाटात गाडी पुन्हा त्याच वळणावर गचके देते.

हा उणे चाळीसचा आकडा आभाळातून पडत नाही. ओबीडी, म्हणजे गाडीतल्या दोष-निदान व्यवस्थेच्या ठरलेल्या पद्धतीनुसार पाण्याचं तापमान एकाच बाइटमध्ये येतं, म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक आकडा. त्यातून ४० वजा करायचे. १३० आला तर तापमान ९० अंश. गाडीकडून उत्तरच आलं नाही आणि सॉफ्टवेअरने रिकाम्या जागी शून्य धरला, की उणे ४०. सेन्सरची वायर तुटली तरी ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, इंजिन गोठल्यासारखं वाटतं आणि हाच आकडा दिसू शकतो. काही गाड्या अशा वेळी स्वतःच्या मनाचा आकडा दाखवतात, ते वेगळंच. फरक ओळखायला फार शिक्षण लागत नाही. एकच रकाना कोसळला तर त्या सेन्सरकडे आणि त्याच्या वायरिंगकडे बघायचं. सगळे रकाने एकदम कोसळले तर आधी गाडी आणि लॅपटॉप यांच्यामधल्या वायरीवर संशय घ्यायचा. चार सेन्सर एकाच अर्ध्या सेकंदात मरतात आणि एकदम जिवंत होतात, असं होत नाही.

कोल्हापूरच्या गॅरेजांनी लॅपटॉप घेतला, पण त्या लॅपटॉपचीही तपासणी करायची असते ही सवय त्याच्यासोबत घेतली नाही. तक्रार एवढीच आहे, आणि ती याच गावाबद्दल करावीशी वाटते, कारण इथे ती शोभत नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या जुन्या मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर आणि मूठ कानाला लावून कुठलं बेअरिंग बोलतंय ते सांगितलं आहे. उसाला पाणी पाजणारी ऑइल इंजिनं या गावात ओतली गेली, जोडली गेली. इथला कामगार व्हर्निअर हातात घेतला की आधी त्याचे जबडे मिटवून शून्य जुळतंय का बघतो. तोच माणूस लॅपटॉपपुढे बसला की हा शिरस्ता का विसरतो, हे कोडं आहे.

वायर म्हणजे नेमकं काय, ते बघू. डॅशबोर्डखाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. भारतात बीएस-४ गाड्यांना १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ बंधनकारक झालं. १६ नंबरच्या पिनेला बॅटरीचा प्लस, ४ आणि ५ ला अर्थ, ६ आणि १४ वर कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या लाइनच्या, दोन वायरी. मल्टिमीटर लावला की दोन मिनिटांत निम्मी कहाणी कळते. इंजिन बंद असताना १६ आणि ४ मध्ये साधारण साडेबारा व्होल्ट, चालू असताना चौदाच्या आसपास. बॅटरी सोडून ६ आणि १४ मध्ये रोध मोजला तर बहुतेक गाड्यांत ६० ओहमच्या जवळपास यायला हवा, कारण लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध समांतर बसवलेले असतात. १२० आला तर एक टोक कुठेतरी सुटलंय. मग हेडलाइट आणि एसी लावून चौथी पिन ते बॅटरीचा मायनस यांच्यात व्होल्टेज बघायचं. तिथे अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला, तर अर्थ खराब आहे आणि पडद्यावरच्या एकाही आकड्याची शपथ घेता येणार नाही.

या गावात अर्थ खराब असण्याला एक खास कारणही आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडे उभ्या असलेल्या गाड्यांत पाणी शिरलं. पाणी आधी पायाशी येतं, मग गुडघ्यापर्यंत, म्हणजे थेट त्या सॉकेटपर्यंत. गाडी धुतली, कार्पेट बदललं, इंजिन सुरू झालं, गाडी विकलीही गेली. सॉकेटमागच्या वायरीवरचा हिरवट थर मात्र तसाच राहिला. जुनी गाडी घेताना टायर लाथेने वाजवून बघणाऱ्यांनी वाकून तिथे टॉर्च मारावी.

मग सॉकेट आणि लॅपटॉप यांना जोडणाऱ्या अडॅप्टरकडे. कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सने ईएलएम ३२७ नावाची चिप काढली. तिच्या पहिल्या आवृत्तीला नक्कल रोखणारं कुलूप नव्हतं, त्यामुळे जगभर नकला झाल्या. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंदही झाली. बाजारात कित्येक डब्यांवर ‘आवृत्ती १.५’ छापलेलं असतं. मूळ कंपनीने त्या नंबरची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. असा डबा साधा कोड वाचून देतो. सलग वीस मिनिटं नोंद घ्यायला सांगितली की मधेच गप्प बसतो.

यूएसबी केबलमधल्या चिपचीही तीच गत. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय या स्कॉटिश कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने नकली चिपांचा ओळखक्रमांक शून्य करून टाकला. काल चालणारी केबल आज ओळखही दाखवेना. बोंबाबोंब झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. तरीही ‘गाडी कनेक्ट होत नाही’ या वाक्यातला दोष पुष्कळदा गाडीत नसून केबलच्या या बोटभर तुकड्यात असतो.

सकाळी गाडी उशिरा स्टार्ट होते, ही तक्रार तर लॅपटॉपला हमखास चकवते. स्टार्टर फिरताना बॅटरी दहा व्होल्टच्या आसपास येते. अशक्त अडॅप्टर तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतो. म्हणजे जे दोन सेकंद पाहायचे, नेमक्या त्यांचीच नोंद नाही, आणि मेकॅनिकला वाटतं क्रँक सेन्सर सिग्नल देत नाही. उलट घाटात नोंद घेताना लॅपटॉपचा चार्जर इन्व्हर्टरमार्फत गाडीलाच जोडलेला असेल, तर त्याचा गोंगाट नोंदीत मिसळू शकतो. चार्जर काढून बॅटरीवर चालवलं आणि आलेख सपाट झाला, तर चोर सापडला. विंडोजची यूएसबी पॉवर वाचवण्याची सोयही आधीच बंद करून ठेवावी. आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायला शेजारी दुसरा माणूस हवा; ड्रायव्हरने रस्त्याकडे बघावं.

हाव हा आणखी एक दोष. कॅनऐवजी के-लाइन ही जुनी पद्धत असलेल्या गाड्यांत माहिती सेकंदाला जेमतेम १०,४०० बिट या वेगाने येते आणि प्रत्येक आकडा वेगळा विचारावा लागतो. हौशी हात वीस रकान्यांवर टिक करतो. मग एकेका आकड्याची पाळी काही सेकंदांनी येते. ३,००० आरपीएमला इंजिन सेकंदाला ५० वेळा फिरतं; तेवढ्यात गचका येऊन गेलेला असतो. तीन-चारच आकडे मागितले की तोच गचका स्पष्ट दिसतो.

ही शिस्त या गावात कुणालाच माहीत नाही असं मात्र नाही. मोहिते रेसिंग ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. कार्टमध्ये आरपीएम मोजायला स्पार्क प्लगच्या केबलभोवती एक वायर गुंडाळतात. ती चुकीच्या जागी बांधली की ठिणगीचा गोंगाट आत शिरतो आणि इंजिनाला कधीच न जमणारे आकडे आलेखात उभे राहतात. ते दिसले की आधी वायर नीट बांधायची, मगच इंजिनाला हात लावायचा. स्पर्धेत चुकीच्या निदानाची किंमत लगेच, लॅपच्या वेळेत दिसते. गॅरेजमध्ये ती गिऱ्हाइकाच्या बिलात मिसळून जाते.

छोट्या गॅरेजवाल्याची बाजूही ऐकायला हवी. चांगलं उपकरण महाग आहे आणि कंपन्यांनी ते त्याच्या हाती सुखासुखी दिलेलं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल. पुढे अपिलं झाली, वाद चालत राहिले. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल उघडलं, त्यात वाहनंही घेतली. हा हक्क गॅरेजवाल्याला पुरेपूर मिळायलाच हवा. पण सॉफ्टवेअर खुलं झालं तरी चौथ्या पिनेचा अर्थ कोणतंही मंत्रालय साफ करून देणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलाला स्कॅनर जोडून कोड वाचायला शिकवलं की काम संपलं असं समजू नये. त्याच्यापुढे मुद्दाम बिघडवलेली केबल, सैल अर्थ आणि नकली अडॅप्टर ठेवावा आणि दोष गाडीत आहे की मोजणीत, हे मीटरने सिद्ध करायला सांगावं. गॅरेजवाल्यांच्या संघटनेनेही एक प्रथा पाडावी: नोंद बघून सेन्सर बदलला, तर बदलण्याआधीची आणि नंतरची नोंद, दोन्ही त्याच घाटातल्या, बिलासोबत गिऱ्हाइकाला पेन ड्राइव्हवर द्यायच्या. गिऱ्हाइकाने त्यातला एकच प्रश्न विचारला तरी पुरे: खड्डा एका रकान्यात आहे की सगळ्यांत?