सैनिक शाळेचे गणित आपल्यालाही जमेल

२०१९ साली आपल्याच जिल्ह्यात विसापूरला सैनिक शाळा सुरू झाली. सहावीच्या प्रवेश परीक्षेला ३०० गुण असतात, त्यातले निम्मे गणिताचे. "ते शहरातल्या पोरांचं काम, आपल्याला कुठं जमतंय?" असे पुष्कळ जण म्हणतात. हे काही खरं नाही. पेपर मराठीतून देता येतो, मुलींनाही बसता येतं. ७० पानांचं एक पुडकं, तर २०० पुडक्यांची पानं किती? तेंदूच्या दिवसांत आपण हे तोंडी सांगतो, १४,०००! पण परीक्षेत १५० मिनिटांत १२५ प्रश्न असतात. म्हणून पाढे पाठ करा, रोज दहा उदाहरणं घड्याळ लावून सोडवा, अडलं तर गुरुजींना विचारा. निवड नाही झाली तरी शिकलेलं गणित वाया जात नाही. न बसता हरू नका!