वेशीतला न्यायाधीश

न्यायाचा विषय निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे राजधानीतील सर्वोच्च न्यायालय उभे राहते. परंतु आमच्या मते कायद्याची खरी कसोटी लागते ती खाली, जेथे खटला प्रथम उभा राहतो आणि साक्षीपुरावे होतात, तेथे. राजधानीतील न्यायमूर्ती दूरवरच्या माणसांविषयी निकाल देतात. जिल्ह्याच्या गावी बसणारा न्यायाधीश मात्र ज्यांच्याविरुद्ध निकाल देतो त्यांच्याच आळीत राहतो व त्यांच्याच दुकानातून सामान आणतो. अशा जागी बसून निःपक्षपाती राहणे किती कठीण आहे, हे लहान समाजात वाढलेल्या माणसास सांगावयास नको.

आपल्या मुलांना रोझा पार्क्स आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ही नावे ठाऊक असतात, आणि ती असावीतच. परंतु त्यांच्या लढ्याला ज्याने कायद्याचे बळ दिले, त्या फ्रँक मिनिस जॉन्सन या न्यायाधीशाचे नाव किती घरांत उच्चारले जाते? म्हणून आज त्याच्याविषयी लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

अमेरिकेत राज्यांची न्यायालये निराळी आणि केंद्राची, म्हणजे फेडरल, न्यायालये निराळी. फेडरल जिल्हा न्यायाधीशाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, सिनेट तिला संमती देते, आणि सद्वर्तन असेतो ती तहहयात टिकते. येथे इस्राएलमध्ये सरकारविरुद्धच्या अनेक तक्रारी थेट जेरुसलेमच्या सर्वोच्च न्यायालयापुढे, बगात्समध्ये, जातात. तेथे तसे नाही. नागरिकाने राज्यघटनेचा हक्क मागितला तर पहिले दार असते ते त्याच्याच जिल्ह्यातल्या या न्यायाधीशाचे.

जॉन्सन यांचा जन्म १९१८ सालचा, उत्तर अलाबामातील विन्स्टन परगण्यातला. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढण्यास नाखूष असलेला हा डोंगराळ मुलूख. १९४३ साली ते अलाबामा विद्यापीठातून कायद्याचे पदवीधर झाले, दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या लढाईत जखमी झाले, आणि पुढे सरकारी वकील असताना त्यांनी गोऱ्या शेतमालकांवर वेठबिगारीचा खटला चालविला. १९५५ सालच्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांना माँटगोमेरीच्या न्यायासनावर बसविले. तेव्हा त्यांचे वय अवघे ३७ वर्षांचे होते.

न्यायासनावर बसून काही आठवडे होतात न होतात तोच, ५ डिसेंबर १९५५ रोजी, माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीय नागरिकांनी शहरातील बसगाड्यांवर बहिष्कार घातला. चार स्त्रियांच्या वतीने खटला दाखल झाला व तो तीन न्यायाधीशांपुढे आला. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ठरविले होते. तथापि बसगाड्यांविषयी ते काही बोलले नव्हते, आणि १८९६ सालचा जुना निकाल कागदोपत्री जिवंत होता. ५ जून १९५६ रोजी जॉन्सन व त्यांचे ज्येष्ठ सहकारी रिचर्ड राइव्ह्ज यांनी एकाविरुद्ध दोन मतांनी ठरविले की शाळेत जो भेद अन्याय्य, तो बसमध्येही अन्याय्यच. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले, आणि ३८१ दिवसांचा बहिष्कार यशस्वी होऊन संपला.

यावरून कोणी समजेल की हा मनुष्य चळवळीचा पक्षपाती होता. तसे मुळीच नव्हते, आणि आमच्या दृष्टीने हीच त्याची थोरवी. टस्कीगी शहराची हद्द राज्याने अठ्ठावीस कोनांची करून जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय मतदार बाहेर घातले, तेव्हा हद्द ठरविण्याच्या कामात हात घालण्याचा अधिकार आपणास नाही, असे म्हणून जॉन्सन यांनी दावा काढून टाकला. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. १९६५ च्या मार्चमध्ये सेल्माच्या पुलावर पोलिसांनी निःशस्त्र मोर्चेकऱ्यांना झोडपून काढले, तेव्हाही सुनावणी होईपर्यंत दुसरा मोर्चा काढू नये असाच त्यांचा पहिला हुकूम होता. चळवळीतील लोक नाराज झाले. परंतु साक्षीपुरावे पाहिल्यावर १७ मार्च रोजी त्यांनी मोर्चाला परवानगी दिली. अन्याय जेवढा मोठा, तेवढा त्याविरुद्ध रस्त्यावर येण्याचा हक्क मोठा, असा त्या निकालाचा आशय होता. त्याचबरोबर रस्ता अरुंद असेल तेथे तीनशेहून अधिक लोक नसावेत, हेही त्यात नमूद होते. २१ मार्च रोजी निघालेल्या त्या मोर्चाच्या पहिल्या रांगेत डॉ. किंग यांच्यासमवेत रब्बी अब्राहाम जोशुआ हेशेल चालले. ते छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्या छायाचित्रामागे एका जिल्हा न्यायाधीशाची सही आहे, हे मात्र ध्यानात राहत नाही.

मोर्चा संपला त्या रात्री व्हायोला लिउझो या स्वयंसेविकेचा गोळ्या घालून खून झाला. राज्याच्या न्यायालयात आरोपी निर्दोष सुटला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जॉन्सन यांच्या न्यायालयात, सर्व गोऱ्या ज्यूरीपुढे, त्यास व त्याच्या दोघा साथीदारांस नागरिकांचे हक्क चिरडण्याच्या कटाबद्दल दहा दहा वर्षांची शिक्षा झाली.

शिक्षकी पेशातील आम्हांस त्यांचा सर्वांत मोलाचा वाटणारा हुकूम मात्र शाळांचा आहे. १९६३ साली टस्कीगीच्या शाळेत तेरा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याचा त्यांनी आदेश दिला, तर राज्यपाल जॉर्ज वॉलेस यांनी पोलीस धाडून ती शाळाच अडविली. हे वॉलेस जॉन्सन यांचे कायद्याच्या वर्गातील सहाध्यायी. १९६७ साली जॉन्सन व इतर दोन न्यायाधीशांनी जवळजवळ संपूर्ण राज्यातील शाळांना एकाच आदेशाखाली आणले. पुढे माँटगोमेरीच्या बाबतीत त्यांनी ओळखले की मुले एकत्र बसविली आणि शिक्षक वेगळेच ठेविले, तर पाटीवरची अक्षरे पुसली, पण पाटी तीच राहिली. म्हणून त्यांनी आकडे घातले. शहरात गोऱ्या व कृष्णवर्णीय शिक्षकांचे जे प्रमाण, साधारण तीनास दोन, तेच अखेरीस प्रत्येक शाळेत दिसले पाहिजे; आणि आरंभ म्हणून ज्या शाळेत बारा किंवा अधिक शिक्षक आहेत तेथे सहांत निदान एक शिक्षक दुसऱ्या वर्णाचा असावा. वरिष्ठ न्यायालयाने हे आकडे सैल केले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ते पुन्हा कायम केले. समतेचा उपदेश आपण सारेच करतो. शिक्षकांच्या हजेरीपटात ती मोजून दाखविणारे विरळा.

हाच मोजदादीचा स्वभाव ब्राइस मनोरुग्णालयाच्या खटल्यात दिसतो. तेथे सुमारे पाच हजार रुग्ण कोंबलेले होते. १९७१ साली जॉन्सन यांनी ठरविले की ज्यास इच्छेविरुद्ध रुग्णालयात डांबले त्यास उपचार मिळण्याचा घटनात्मक हक्क आहे; उपचारच नसतील तर तो तुरुंगच. राज्यास सुधारणेसाठी मुदत दिली. ती फुकट गेल्यावर १९७२ साली त्यांनी बारीकसारीक नियम घालून दिले. एका खोलीत सहांहून अधिक रुग्ण नसावेत, आठ रुग्णांमागे एक शौचकूप असावा, रुग्णांकडून काम घेतल्यास कायद्याने ठरलेले किमान वेतन द्यावे. १९७६ साली असाच हुकूम अलाबामाच्या तुरुंगांविषयी निघाला.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो हलका नव्हे. निवडून न आलेल्या न्यायाधीशाने शौचकूप का मोजावेत? कारभार करणे हे लोकप्रतिनिधींचे काम. शिवाय हुकुमाने मने बदलतात थोडीच? टस्कीगीच्या त्या शाळेतून गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून नेली, आणि ब्राइसचा खटला संपावयास २००३ साल उजाडले. आम्ही हे सारे मान्य करतो. तरीही आमचा कौल जॉन्सन यांच्या बाजूने आहे. कारभाऱ्यांना त्यांनी आधी संधी दिली होती. आणि ज्यांना मत नाही, किंवा ज्यांच्या मताला कोणी भीत नाही, असे वेडे, कैदी आणि मुले यांनी कोणत्या प्रतिनिधीचे दार ठोठवावयाचे? ज्या हक्काची मोजदाद करता येत नाही तो हक्क भाषणापुरताच राहतो.

या साऱ्याची किंमत त्यांना द्यावी लागली. त्यांच्या अंगणात क्रूस जाळण्यात आला. १९६७ साली त्यांच्या मातोश्रींच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. सुदैवाने त्या बचावल्या. अनेक वर्षे घरावर सरकारी पहारा होता आणि गावातील प्रतिष्ठितांनी त्यांच्याशी संबंध टाकला. परंतु ते गाव सोडून गेले नाहीत. १९७९ साली ते वरिष्ठ न्यायालयात गेले, १९९५ साली त्यांना राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मिळाले, आणि १९९९ साली ते निवर्तले. माँटगोमेरीच्या ज्या इमारतीत त्यांनी हे निकाल दिले, तिला १९९२ सालापासून त्यांचेच नाव आहे.

वाचकबंधुभगिनींनो, आपणांपैकी फारच थोडे न्यायासनावर बसतील. पण न्याय करण्याची वेळ प्रत्येकावर येते. कोणी कमिटीवर असतो, कोणी परीक्षक असतो, कोणास भाऊबंदांच्या तंट्यात मध्यस्थ म्हणून बोलावतात. तेथे कायदा ठाऊक नसतो म्हणून निवाडा बिघडत नाही. उद्या लग्नाकार्यात याच माणसांच्या पंगतीला बसावयाचे आहे, या विचाराने तो बिघडतो. अशा वेळी माँटगोमेरीचा हा न्यायाधीश आठवावा. आपल्या माणसांना आवडेल ते न सांगता, पुरावा सांगेल ते सांगावे, आणि सांगून झाल्यावरही त्याच आळीत ताठ मानेने राहावे.